बाबांचा उजवा इंडिकेटर

माझे सासरे सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीतून स्कूटर मुख्य रस्त्यावर आणताना उजवा इंडिकेटर लावत. तो लावायलाच हवा. पण मग तो पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत चालू राही, भाजी घेऊन परत येताना चालू राही आणि घरी येऊन किल्ली काढली की विझे. दुसऱ्या दिवशी किल्ली लावली की आपोआप पुन्हा सुरू, कारण बटण मधोमध दाबून बंद करायचं असतं आणि ते कुणी दाबलेलंच नसे. म्हणजे बाबा गेली तीन वर्षं उजवीकडे वळतच होते.

त्यांना ते कळत नसे, कारण त्यांना ऐकू येत नाही. धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी पॉवरलूमवर काम केलं. मागांच्या त्या आवाजात कान राहत नाहीत. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. बाबाही तसंच बोलतात. समोर उभं राहिलं की सगळं कळतं, आणि ऐकायचं नसलं की ते फक्त मान वळवतात. रस्त्यावर लोक ओरडत, "ओ काका, साइड चालू छे!" बाबा हात वर करून हसत. घरी येऊन सांगत, "सगळी सुरत ओळखते मला."

मग एके दिवशी एका रिक्षावाल्याने त्यांच्या इंडिकेटरवर विश्वास ठेवला. बाबा उजवीकडे वळणार म्हणून तो डावीकडून पुढे निघाला आणि बाबा डावीकडे वळले. कोपर खरचटलं, टोमॅटो गेले, बाकी काही नाही. पण माझे यजमान बँकेत आहेत आणि त्यांना सूचना दिल्याशिवाय काही करता येत नाही. त्यांनी जेवताना जाहीर केलं, "एक तारखेपासून बाबांची गाडी बंद. किल्ली माझ्याकडे."

बाबांनी ओठ वाचले. दुसरी भाकरी घेतली नाही. हात धुऊन खाली गेले आणि स्कूटर पुसत बसले. एक तारखेला चोवीस दिवस होते.

मी वही काढली आणि बाबा स्कूटरवरून काय काय करतात ते लिहिलं. दळण. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. भाजी. मी शिकवते त्या शाळेच्या रिक्षापर्यंत मला सकाळी सोडणं. गॅसचा नंबर लागला की नाही ते बघून येणं. अशी दहा कामं झाली. अकरावं काम काम नव्हतं. सकाळी दहा वाजता लिंबायतच्या जुन्या कारखान्याजवळच्या चहाच्या टपरीवर जायचं. तिथे बाबांसारखेच चार जण बसतात आणि आवाज न करता, एकमेकांच्या तोंडाकडे बघत तास दीड तास गप्पा मारतात.

"दहा कामं मी करीन," यजमान म्हणाले. हे वाक्य मी तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

"आणि अकरावं?"

"रिक्षाने जातील."

"रिक्षात मी बसनार नही," बाबा म्हणाले. त्या विषयावर त्यांची मान कधीच वळलेली नसते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आदल्या वर्षी आम्हा शिक्षकांचं मायक्रोकंट्रोलरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. काडेपेटीएवढा बोर्ड, त्याला वायरी, लॅपटॉपवर चार ओळी लिहायच्या, बोर्ड त्याप्रमाणे वागतो. तीन दिवसांत आम्ही एक दिवा लावला आणि विझवला. शिकवणारे म्हणाले, बाकी सगळं जग एवढ्यावरच चालतं. त्या सामानाची पेटी माझ्या सहीने शाळेच्या कपाटात पडून होती. मुख्याध्यापिकांना अर्ज देऊन मी ती महिन्याभरासाठी घरी आणली.

"जी गाडी आधीच लुकलुकते," यजमान म्हणाले, "तिला तू लुकलुकणारा दिवा बसवणार?"

मला कामं होती. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची आणि बोर्ड पाच व्होल्टचा, म्हणून मधे एक छोटा कन्व्हर्टर. इंडिकेटरच्या वायरीतून बोर्डाला खबर द्यायची, पण बारा व्होल्ट थेट गेले तर बोर्ड मरतो, म्हणून दोन रेझिस्टर. पहिल्यांदा मी इंडिकेटर किती वेळा लुकलुकला ते मोजलं आणि पंचविसाव्या वेळी इशारा द्यायचा असं लिहिलं. मग लक्षात आलं की पर्वत पाटियाच्या सिग्नलला उभा असलेला माणूस प्रामाणिकपणे इंडिकेटर लावूनही शंभर वेळा लुकलुकतो. म्हणून पुढच्या चाकावर एक चुंबक चिकटवलं आणि त्याच्यासमोर चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा स्विच बसवला. आता बोर्ड चाकाच्या फेऱ्या मोजणार. इंडिकेटर चालू आणि चाकाच्या शंभर फेऱ्या झाल्या, म्हणजे साधारण सव्वाशे मीटर, की समजायचं माणूस विसरला.

मोजणं जमलं. इशारा द्यायचा कसा हा प्रश्न होता, आणि तिथे मी लागोपाठ तीन चुका केल्या.

पहिली चूक बझर. तो इतक्या टिपेच्या आवाजात किंचाळला की मी पार्किंगमध्ये कान झाकून उभी राहिले. वरच्या मजल्यावरच्या बेनने खाली डोकावून विचारलं, "लिफ्टमां कोई फसायुं छे?" बाबा स्कूटरवर बसून शांतपणे माझ्याकडे बघत होते. मिनिटभराने म्हणाले, "कवय वाजनार?" त्यांच्या अहिराणीत कवय म्हणजे कधी.

दुसरी चूक दिवा. वेगाच्या काट्याजवळ एक ठळक लाल दिवा बसवला. विसरले की तो पेटणार. बाबांनी मान डोलावली. रोज विचारलं की म्हणत, हो, दिवा छान आहे. इंडिकेटर मात्र गल्लीत शिरतानाही चालूच. चौथ्या दिवशी त्या दिव्याजवळ मला झेंडूचं फूल खोचलेलं दिसलं.

"बाबा, हे काय?"

"लाल दिवा देवाजवळ असतो. तो लागला की मी नमस्कार करतो."

"गाडी चालवताना? हात सोडून?"

"एकच हात," बाबा म्हणाले.

दिवा त्याच दिवशी काढला.

मग मी ठरवलं की कान नाही, डोळे नाही, तर पाय. गाडीच्या पायदानाखाली काहीतरी थरथरलं पाहिजे. जुन्या मोबाइलमधली मोटर लावून बघितली. ती स्कूटरच्या स्वतःच्या थरथरण्यात कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही. मोठी मोटर हवी होती. सासूबाई मेथी निवडत होत्या. मी त्यांना विचारलं, नणंदेने दिलेली ती कंबर चेपायची गादी तुम्ही वापरता का?

"घेई जाय, माय," त्या म्हणाल्या. "तिच्यावर बसली की कंबर जास्त दुखते. पण तिला सांगू नको. मी फोनवर तिला रोज सांगते, बसले होते."

गादीच्या आत चार मोटरी निघाल्या. पहिली मी थेट बोर्डाला जोडली. बारीक वास आला आणि बोर्ड गेला. शाळेच्या वहीत माझी सही होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी तसाच बोर्ड आणून पेटीत ठेवला. शिवाय घरासाठी आणखी एक आणला. मोटरीला लागणारं बळ बोर्डात नसतं. मधे ट्रान्झिस्टर लावावा लागतो. बोर्डाने नुसता हुकूम द्यायचा, ओझं ट्रान्झिस्टरने उचलायचं. आमच्या शाळेतही अशीच पद्धत आहे आणि तिथे ट्रान्झिस्टर मी आहे, त्यामुळे हे मला आधीच कळायला हवं होतं.

मुखवासाच्या डबीत बोर्ड, पायदानाच्या रबराखाली दोन मोटरी. प्रोग्राम असा की इंडिकेटर विसरला की पायाखाली धडधड, धडधड, बटण बंद करेपर्यंत. मी स्वतः बसून बघितलं. दात वाजत होते. मी वहीत लिहिलं: जमलं. एक तारखेला बारा दिवस होते.

बाबा पर्वत पाटियाला जाऊन आले. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. ते समोरून आले ते उजवा इंडिकेटर लावून, पायाखाली धडधड चालू, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेला नाही.

"कसं वाटलं?"

"गाडी सुधारली," बाबा म्हणाले. "एकदम नवी व्हई गई. काय टाकलं तू? ऑइल?"

"बाबा, पायाखाली हलत नव्हतं?"

"तेच तर सांगतोय. मस्त चालली. मधेच ते बंद पडायला लागलं, म्हणून मी ते बटण पुन्हा दाबलं. मग नीट सुरू झालं."

थोडक्यात, इंडिकेटर चुकून बंद झाला होता आणि बाबांनी तो आठवणीने परत लावला होता.

मी वर येऊन सोफ्यावर बसले. यजमानांनी विचारलं नाही, पण कॅलेंडरकडे बघितलं. मी सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "तू त्यांना उलटं सांगितलंस, माय. धडधड चालू असली की त्यांना वाटतं सगळं बरं आहे. आठ माग चालू असले की हा माणूस उभ्या उभ्या झोपायचा. मी डबा घेऊन जायची तर भिंतीला टेकून घोरतोय. आणि एक माग बंद पडला की खाडकन जागा! घरीसुद्धा तसंच. पंखा चालू असला तर झोप, लाइट गेली की उठून बसतात."

मी वही उघडली, पण लिहिण्यासारखं फार नव्हतं. प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. जिथे मोटर चालू तिथे बंद, जिथे बंद तिथे चालू. आता किल्ली लावली की पायाखाली बारीक धडधड सुरू होणार आणि चालूच राहणार. इंडिकेटर विसरला की ती थांबणार.

यावेळी मी मागे बसले. बाबांनी गल्लीतून उजवा इंडिकेटर लावून गाडी रस्त्यावर घेतली. मी मनात फेऱ्या मोजत होते. शंभराच्या आसपास पायाखालची धडधड थांबली, आणि बाबांनी त्याच क्षणी कचकन ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी केली, स्टँडवर लावली, खाली उकिडवे बसले आणि गाडीच्या पोटाखाली बघायला लागले. मागे साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो हॉर्न देत उभा.

मी उतरून त्यांच्यासमोर उकिडवी बसले, कारण नाहीतर त्यांना माझे ओठ दिसले नसते. "बाबा, काय झालं?"

"बंद पडना."

"गाडी चालू आहे!"

"गाडी चालू शे. खालचं बंद पडना."

"इंडिकेटर, बाबा! इंडिकेटर!"

त्यांनी वर बघितलं. उजवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी उठून अंगठ्याने बटण दाबलं. त्याच क्षणी पायदान पुन्हा धडधडायला लागलं. बाबांनी पायदानावर तळहात ठेवला. टेम्पोवाला खाली उतरून आला होता.

"काका, गाडी बगडी गई?"

बाबांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "ना. सुधरी गई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तसं केलंस तू."

"हो, तसंच."

"मग आधी सांगायचं ना! चार दिवस दिव्याला नमस्कार करायला लावला मला. आणि धागा तुटला तर कुणी खाली उतरून बघतं का? हात तिथेच जातो."

त्या दिवसापासून हात तिथेच जायला लागला. ब्रेक नाही, उतरणं नाही. धडधड थांबली की डावा अंगठा. बाबा म्हणाले, आधी मी त्यांना गाडी शिकवत होते, आता नीट कारखान्याच्या भाषेत बोलले. मी फक्त दोन ओळी बदलल्या होत्या.

यजमानांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊ वाजता, घर ते पर्वत पाटिया आणि परत. वळणांची यादी मी दिली. चौदा वळणं. दोनपेक्षा जास्त वेळा इंडिकेटर विसरले तर नापास, असा नियम त्यांनी केला. आम्ही दोघं मोटरसायकलवर मागून जाणार होतो.

रविवारी पावणेनऊला बाबा इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरले. हेल्मेट घातलं, किल्ली लावली, स्टार्टरचं बटण दाबलं. खट् असा आवाज आला आणि काहीच झालं नाही. पायाखालीही काही नाही. दिवाही नाही. मीटर लावून बघितलं तर बॅटरी पार उतरलेली.

"नापास," यजमान म्हणाले.

"अजून सुरूच झालेली नाही!"

"तेच म्हणतोय. तुझ्या त्या मोटरींनी बॅटरी खाल्ली. उद्या रस्त्यात बंद पडली तर?"

मी हिशोब केला होता. मोटरी किती ओढतात, गाडी चालताना बॅटरी किती भरते, सगळं वहीत होतं. शनिवारी सकाळी बॅटरी उत्तम होती. रात्रभरात वायर कुठे घासली का ते बघायला मी पायदानाचं रबर उचललं. सगळं जागच्या जागी.

तेवढ्यात सासूबाई पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून म्हणाल्या, "बॅटरी उतरणार नाही तर काय? रोज चहा झाला की खाली जाऊन बसतात गाडीवर. किल्ली लावून. तासभर."

यजमानांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान वळवून शेजारच्यांच्या मोपेडकडे बघायला सुरुवात केली. मी त्या मोपेडसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, रोज तासभर गाडीवर बसता?"

"टेस्टिंग करतो."

"रोज?"

"रोज करावं लागतं. मशीन आहे ते." मग बाबा स्वतःच्या चपलांकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पायाखाली काही चालू असलं की बरं वाटतं."

यजमान हातातलं हेल्मेट फिरवत राहिले. मग त्यांनीच स्कूटर मोठ्या स्टँडवर चढवली आणि म्हणाले, "किक मारून बघा."

बाबांचं वय त्र्याहत्तर. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पहिली किक, दुसरी, तिसरी. सासूबाई वरून "हळू, हळू" म्हणत होत्या, ते त्यांना ऐकू येणार नव्हतं आणि आलं असतं तरी फरक पडला नसता. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. मोटरी आधी अडखळल्या, मग हळूहळू ठेका धरला. बाबांनी पायदानावर दोन्ही पाय ठेवले आणि निघाले.

मी यजमानांच्या मागे बसून यादीवर खुणा करत होते. पहिल्या चार वळणांना बाबांनी इंडिकेटर लावला आणि स्वतःच बंद केला. पाचव्या वळणानंतर विसरले. दिवा लुकलुकत राहिला, एक दुकान गेलं, दुसरं गेलं, यजमान म्हणाले, "एक." त्यांचं वाक्य संपायच्या आत दिवा बंद झाला. पर्वत पाटियाच्या सिग्नलला गर्दीत आम्ही तीन रिक्षा मागे राहिलो आणि मला फक्त हेल्मेट दिसत होतं. परतीच्या वाटेवर आणखी तीनदा तसंच झालं. गाडी कुठेही कचकन थांबली नाही.

घरी येऊन मी यादी वाचली. चौदा वळणं. चार वेळा विसरले. चारही वेळा सव्वाशे मीटरच्या आसपास बटण दाबलं.

"चार," यजमान म्हणाले. "नियम दोनचा होता."

"पण प्रत्येक वेळी बंद केला."

"यंत्राने आठवण केली म्हणून."

"तुम्हाला सकाळी कोण उठवतं?"

"गजर."

"मग बँकेने तुम्हाला काढून टाकायला हवं. स्वतः उठत नाही म्हणून."

बाबा आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते, सामना बघतात तसे. सासूबाईंनी पोहे आणून ठेवले. ते संपल्यावर यजमान बाबांच्या समोर बसले, म्हणजे ओठ नीट दिसतील असे, आणि अटी सांगितल्या. अंधार पडल्यावर गाडी नाही. रिंग रोडला नाही. हेल्मेट रोज. इंडिकेटर बंद असूनही धडधड थांबली तर गाडी कडेला घ्यायची आणि घरी फोन करायचा.

"फोन करून काय? मला ऐकू कुठे येतं?"

"तुम्ही फक्त बोला. आम्ही ऐकू."

"आणखी काही?"

"नाही," यजमान म्हणाले, आणि टेबलावरची किल्ली पुढे केली.

बाबांनी ती घेतली. घड्याळात बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. टपरीवरचे चौघे थांबले असतील असं काहीतरी पुटपुटत ते उठले, आणि एक किक नाही, दोन नाही, तीन किकांत गाडी सुरू करून निघाले. मी गॅलरीत उभी राहून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी उजवा इंडिकेटर लागला, गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. पुढचं मला दिसत नव्हतं, पण दिसायची गरजही नव्हती.

दुपारी मी लॅपटॉप काढला. चाक फिरत नसेल तर काही वेळाने मोटरी बंद कराव्यात, एवढी एक ओळ घालायची होती. बॅटरीचं काम त्यावर भागणार होतं. आधी मी पाच मिनिटं लिहिलं. ते शहाणपणाचं होतं. मग मीटर घेऊन खाली गेले, मोटरी चालू ठेवून बॅटरी किती उतरते ते नीट मोजलं आणि वर येऊन पाच खोडून वीस केलं. वीस मिनिटं बॅटरी आरामात सोसते. चहानंतर तेवढी पुरतात का ते बाबांना विचारायला हवं, असं त्या दिवशीच्या यादीत शेवटी लिहिलं.